निळ्या गाडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या बाजूला आमचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. शेडच्या डाव्या कोपऱ्यात, थ्रेशरला लागून, एक लांब निमुळती निळी गाडी उभी असते. पंप घेऊन आलेला माणूस आधी तिच्याकडे जातो, मग पंपाचं बोलतो. हात ग्रीसनं भरलेले असताना नीट सांगता येत नाही आणि अर्धवट सांगावंसं वाटत नाही, म्हणून जे जे विचारलं जातं ते इथे सावकाश लिहून ठेवते.

हे कोनती गाडी हाय, ताई?

बुगाटी टाइप ३५. फ्रान्सच्या अल्सास भागातल्या मोल्शाइम या लहान गावात बनलेली शर्यतीची गाडी. १९२४ साली ती पहिल्यांदा शर्यतीत उतरली. पुढच्या सहा-सात वर्षांत तिचे सगळे प्रकार मिळून ३४० च्या आसपास गाड्या बनल्या. आमच्या शेडमधली गाडी त्यांतली नाही. तिच्याच मापाची ही प्रतिकृती बाबांनी आणि मी बनवली आहे.

म्हणजे खरी नाही?

नाही. सांगाडा बाभळीचा आणि सागाचा, अंगावर पत्रा, चाकं ओतीव ॲल्युमिनियमची. मापात मात्र तडजोड केलेली नाही. पुढच्या आणि मागच्या आसातलं अंतर २ मीटर ४० सेंटिमीटर, डाव्या-उजव्या चाकांतलं साधारण १ मीटर २०. लांबी रुंदीच्या दुप्पट. हे प्रमाण डोळ्याला किती बरं वाटतं ते पत्रा चढायच्या आधी, नुसता सांगाडा जमिनीवर उभा होता तेव्हाच कळलं होतं.

चालते काय?

ढकलली की चालते. इंजिन नाही. बॉनेट उघडलं की आत इंजिनाच्या आकाराचा लाकडी ठोकळा दिसेल. गेल्या तान्ह्या पोळ्याला पोरांनी दोर बांधून तिला देवळापर्यंत ओढत नेलं होतं. पुढे लाकडी नंदी आणि मागे ही.

ट्रॅक्टरचं काम सोडून हे कशासाठी?

काम सोडलेलं नाही, हे कामानंतरचं आहे. बाबा सुतार. शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, हलके छकडे बनवण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या आसपास कोणी नव्हता. २०१४ साली शर्यतींवर बंदी आली आणि छकड्यांचं काम थांबलं. २०२१ च्या डिसेंबरात शर्यती पुन्हा सुरू झाल्या. मधली सात वर्षं बाबा खिडक्या-दारं आणि तान्ह्या पोळ्याचे नंदी करत होते. पोट भरत होतं, पण हलकं आणि मजबूत असं काही बनवायचं त्यांच्याकडे उरलं नव्हतं.

त्या काळात मी एकदा मोबाइलवर त्यांना या गाडीचा फोटो दाखवला, बाजूनं काढलेला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘हे बनोनाऱ्यानं जनावर पाह्यलं हाय, पोरी.’ गाडी कोणाची, कुठली, हे तोपर्यंत मी त्यांना सांगितलंही नव्हतं. ती बनवणारा एत्तोरे बुगाटी घोड्यांचा वेडा होता हे मला स्वतःलाच नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी शेडच्या भिंतीवर खडूनं आस ओढला आणि दोन चाकं काढली. तिथून सुरुवात झाली.

हा बुगाटी कोण होता?

१८८१ साली मिलानमध्ये जन्मलेला. वडील कार्लो नावाजलेले फर्निचर कलाकार, भाऊ रेम्ब्रांट प्राण्यांची शिल्पं करणारा. एत्तोरेचं शिक्षणही कलेचं, इंजिनिअरिंगची पदवी नाही. १९०९ साली त्यानं मोल्शाइमला कारखाना काढला तेव्हा तो भाग जर्मनीत होता, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये आला. सुताराच्या घरात वाढलेला पोरगा लोखंडाकडे वळला की तो लोखंडालाही रंधा मारल्यासारखं बघतो. आमच्या घरात मी हेच केलं, म्हणून ही गोष्ट मला जवळची वाटते.

एवढी देखणी का दिसते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. याचं उत्तर द्यायला मला आवडतं, म्हणून थोडं लांब.

पटाच्या जोडीतला बैल तुम्ही कसा पारखता? मान, वशिंड, छाती भरलेली हवी. पाठ सरळ हवी. पोट ओघळलेलं नको. पाय कोरडे, चरबी नसलेले. अंगावर उगाच काही नाही आणि जे आहे ते धावण्यासाठी. हाच डोळा या गाडीला लावा. सगळं वजनदार सामान पुढे, लांब बॉनेटखाली. मधे माणूस, अगदी मागच्या चाकांजवळ. त्याच्या पाठीमागे अंग निमुळतं होत टोकाला मिळतं. त्या शेपटीत पेट्रोलची टाकी आहे, तो नुसता शोभेचा फुगवटा नाही. हवेला पुढून चिरून मागे परत जुळायला वाट मिळावी म्हणून ते टोक.

आता खाली वाकून चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बघा. तिच्या दोन्ही बाजूच्या पट्ट्या सरळ नाहीत. मधे, जिथे भार पडतो तिथे त्या उंच आहेत, पुढे जाताना बारीक होतात, आणि मागे शेपटीच्या वळणाबरोबर आत येतात. पुष्कळ गाड्यांत चॅसी एक आणि वरचं अंग दुसरं, असं असतं. एकावर दुसरं ठेवलेलं दिसतं. इथे हाड आणि कातडं एकाच वळणानं जातं. बाबांनी फोटोत ‘जनावर’ पाहिलं ते हेच असावं.

तळाचा पत्रा ज्या बोल्टांनी धरलेला आहे त्यांची डोकी बारीक तारेनं एकमेकांना ओवलेली असतात. धक्क्यानं एखादा बोल्ट सुटू पाहिला तर तार त्याला फिरू देत नाही. कामाची गोष्ट आहे, पण गाडीच्या कडेनं ती ओवलेली रांग बघितली की दागिना वाटतो. आमच्या प्रतिकृतीवर मी ती तार प्रत्येक बोल्टात खरोखर ओवली आहे. दोन रविवार लागले.

तोंड घोड्याच्या नालेसारखं का?

ते रेडिएटर आहे, इंजिनाचं पाणी थंड करणारं. बुगाटीची घोड्यांची आवड वर आलीच. आपल्याकडे बैलाला पत्री मारतात आणि घोड्याला नाल, त्यामुळे म्हातारी माणसं पाहताक्षणी ‘नाल’ म्हणतात, त्यांना सांगावं लागत नाही. नालेचा हा आकार पुढून अरुंद राहतो, आणि तोच आकार बॉनेटमधून मागे वाढत जातो. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना ज्या उभ्या फटींच्या रांगा दिसतात त्यांतून इंजिनाची तापलेली हवा बाहेर पडते.

खऱ्या गाडीत इंजिन कसं होतं?

एका ओळीत ८ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८८ मिलिमीटर. एकूण १९९१ सीसी, म्हणजे दोन लिटरच्या किंचित आत. यातून साधारण ९० हॉर्सपॉवर निघायची.

ट्रॅक्टरवाले इथे थांबतात. आमच्याकडे येणाऱ्या ४० हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरचं इंजिन दोन लिटरहून मोठं असतं. मग लहान इंजिनातून दुप्पट ताकद कशी? फिरण्यातून. ट्रॅक्टरचं इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास काम करतं, त्याला ओढायचं असतं. हे ६००० पर्यंत जायचं. तेवढं फिरवायचं तर दोन अडचणी येतात. पहिली, श्वास. म्हणून दर सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह, दोन आत घेणारे आणि एक बाहेर सोडणारा, आणि ते उघडणारा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला. दुसरी अडचण क्रँकची, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव फिरण्यात बदलणाऱ्या दांड्याची. त्या काळी सहसा बेअरिंगवर मऊ धातू ओतलेला असायचा. बुगाटीनं क्रँक तुकड्यांतून जोडून बनवला आणि तो बॉल आणि रोलर बेअरिंगवर बसवला, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची मोठी टोकंसुद्धा रोलरवर. महागडं काम, दुरुस्तीला अवघड, पण घर्षण कमी.

बाहेरून हे इंजिन म्हणजे एक सरळ चौकोनी ठोकळा. बाजू सपाट, पृष्ठभागावर हातानं खरवडून केलेली नक्षी, नळ्यांचा गुंता नाही. मी इतकी इंजिनं उघडली, पण बॉनेट उघडल्यावर इतकं शांत दिसणारं इंजिन फोटोतही दुसरं पाहिलेलं नाही. बाबांचा लाकडी ठोकळा त्याला शोभतो तो म्हणूनच.

पुढे याच गाडीचा ३५बी प्रकार आला, २२६२ सीसी आणि हवा जोरानं आत ढकलणारा सुपरचार्जर. ती ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जायची.

चाकं अशी चपटी का? तारांची का नाहीत?

चाकांवर आम्ही वर्षभर घालवलं, त्यामुळे हे सविस्तर सांगते.

लहानपणी मी बैलगाडीच्या चाकावर धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवताना बघायची. गोवऱ्यांचा गोल रचायचा, त्यात लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापवायची. धाव मुद्दाम चाकापेक्षा जराशी लहान केलेली असते. तापून ती फुगते, तेव्हा चौघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर टाकायची. लाकूड धूर सोडतं. लगेच पाणी ओतायचं. धाव आकसते आणि तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात, बसलेले आरे, वरचे लाकडी तुकडे, सगळे सांधे कुरकुरत एकमेकांत घुसतात. चाक ताठ होतं ते आकसण्यामुळे.

त्या काळच्या शर्यतीच्या गाड्यांना बहुतेक तारांची चाकं असायची आणि ब्रेकचा ड्रम वेगळा. बुगाटीनं ॲल्युमिनियमचं चाक ओतलं. आठ चपटे आरे, आणि ब्रेकचा ड्रम त्याच ओतकामात, चाकाचाच भाग. ॲल्युमिनियम हलकं, आणि ब्रेकची उष्णता झटकन सोडतं. शिवाय चाक काढलं की ड्रमही निघून येतो आणि ब्रेक शू समोर उघडे दिसतात. शर्यतीत टायर बदलता बदलता ब्रेकही बघून होतो.

आमचं पहिलं चाक ओतून आणलं ते थंड झाल्यावर तडकलं. जुने पिस्टन वितळवून ॲल्युमिनियम केलं होतं, मला वाटलं धातूच खराब. दुसरं ओतलं, तेही त्याच जागी तडकलं, जिथे आरा ड्रमला मिळतो तिथे. मग बाबांनी त्यांचा लाकडी साचा हातात घेतला आणि त्या कोपऱ्यात बोट फिरवलं. कोपरा काटकोनात होता. धातू आकसताना सगळा ताण त्या रेषेवर येत होता. धावेत जे आकसणं चाकाला घट्ट करतं, तेच इथे चाक फाडत होतं. त्या रात्री मी खऱ्या चाकाचे फोटो मोठे करून पाहिले. त्यात आरा ड्रममध्ये गोल वळत, पसरत उतरतो. शंभर वेळा पाहिलेला फोटो, आणि ती गोलाई मला तोवर नक्षी वाटत आलेली. बाबांनी साच्यात मेण भरून कोपरे गोल केले. तिसरं चाक टिकलं. चौथ्यापासून आम्हाला भीती उरली नाही.

तडकलेली दोन्ही चाकं भिंतीवर टांगली आहेत. मुलांना आधी ती दाखवते.

पुढच्या आसातून पट्टे आरपार गेलेत, ते चुकून?

चुकून नाही. पुष्कळ गाड्यांत कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पट्टे आसावर ठेवून वरून यू-बोल्टनं आवळतात. बुगाटीनं आसालाच चौकोनी भोकं ठेवली आणि पट्टे त्यांतून पार नेले. आसही आतून पोकळ, वजन वाचवायला, आणि बाहेरून चकाकेल असा घासलेला. आम्हाला तो पोकळ करणं जमलं नाही, आमचा भरीव आहे. हा एवढा भाग पाहून कोणी सुतार किंवा लोहार गुडघ्यावर बसला की मला ओळखता येतं की हा माणूस तासभर थांबणार.

वजन किती?

खऱ्या गाडीचं सुमारे ७५० किलो. ४० हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर याच्या दुपटीहून जड भरतो.

शंकरपटाशी हिचं काय देणंघेणं?

पटात जोडी घड्याळावर सुटते आणि निकाल सेकंदाच्या तुकड्यांवर लागतो. त्यामुळे छकडा बनवणारा प्रत्येक लाकडाला एकच प्रश्न विचारतो : तू इथे कशाला? ओझ्याच्या बैलगाडीत चार फळ्या जास्त असल्या तर बिघडत नाही. छकड्यात धुरकऱ्याला, म्हणजे बैल हाकणाऱ्याला, उभं राहण्यापुरतं, धरण्यापुरतं, बस. पण फार कोरलं तर पहिल्याच खड्ड्यात मोडतो आणि माणूस बैलांच्या मागे फरफटतो. हलकेपणाची ती सीमा हातानं ओळखावी लागते. बाबा धुरा उचलून, टिचकी मारून, आवाजावरून सांगायचे. या गाडीचा पोकळ आस, मधे उंच आणि टोकाला बारीक चॅसी, ओतीव चाक हे सगळं त्याच प्रश्नातून आलेलं आहे. म्हणून आमच्या गावातल्या ज्या माणसांनी आयुष्यात शर्यतीची मोटार पाहिलेली नाही ती या गाडीजवळ उभी राहून बरोबर बोलतात. शहरातून आलेले पाहुणे किंमत विचारतात, धुरकरी आसाला हात लावतात.

निळीच का?

त्या काळी रंग देशावरून ठरायचे. फ्रान्सचा निळा, इटलीचा लाल, इंग्लंडचा हिरवा. मोल्शाइम तेव्हा फ्रान्समध्ये होतं म्हणून निळा. पण १९२९ ची पहिली मोनॅको ग्रां प्री, म्हणजे तिथली मोठी मोटार-शर्यत, ज्या ३५बी नं जिंकली ती हिरवी होती, कारण चालवणारा विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स इंग्लंडकडून उतरला होता. आम्ही तीन डबे मिसळून हा निळा मिळवला. ऊन असताना बघा, सावलीत तो काळवंडतो.

सीटा दोन का?

शर्यतीत चालकासोबत मेकॅनिक बसायचा. १९२५ पासून मेकॅनिक बसवणं बंद झालं, पण दोन माणसांची रुंदी राहिली. गाडी उजव्या हाताची, आपल्यासारखी. गिअरचा आणि हँडब्रेकचा दांडा अंगाच्या बाहेर, उजव्या बाजूला. आत कोपर हलवायला जागा नाही, म्हणून ते बाहेर.

ब्रेक लागायचे का?

चारही चाकांना, केबलवर. तेव्हा ते चांगले मानले जात.

पहिल्या शर्यतीत जिंकली?

नाही. १९२४ च्या ऑगस्टमध्ये ल्याँच्या ग्रां प्रीला बुगाटीनं पाच गाड्या आणल्या. टायर नीट पक्के झालेले नव्हते, वरचा थर सुटून उडायला लागला. सर्वांत पुढची गाडी सातवी आली. शर्यत इटलीच्या अल्फा रोमिओ गाडीनं जिंकली. गाडीत दोष नव्हता हे पुढच्या वर्षी दिसलं. सिसिलीच्या डोंगरातली तार्गा फ्लोरिओ ही शर्यत १०८ किलोमीटरच्या घाटवाटेवर पाच फेऱ्यांची, एकूण ५४० किलोमीटर. ती १९२५ पासून १९२९ पर्यंत ओळीनं पाच वर्षं याच गाडीच्या वेगवेगळ्या प्रकारांनी जिंकली.

बाया चालवत होत्या का अशा गाड्या?

हा प्रश्न मुली विचारतात, हळूच. चालवत होत्या. एलिश्का युन्कोवा, चेकोस्लोव्हाकियाची. १९२८ च्या तार्गा फ्लोरिओत ती ३५बी घेऊन उतरली. शर्यतीआधी तिनं तो सगळा घाट स्वतः पालथा घातला आणि वळणं, खुणा पाठ केल्या. दुसऱ्या फेरीच्या शेवटी ती सगळ्यांच्या पुढे होती. नंतर गाडीनं दगा दिला तरी ती पाचवी आली. त्याच वर्षी तिचा नवरा जर्मनीतल्या शर्यतीत अपघातात मरण पावला आणि तिनं शर्यत सोडली. १९९४ पर्यंत ती जगली. ५४० किलोमीटरचा घाट, केबलचे ब्रेक, पॉवर स्टिअरिंग नाही, आणि सीटखालून येणारी उष्णता. आमच्या गाडीत बसून स्टिअरिंग फिरवून बघितलं की पोरींना खांद्यात समजतं मी काय म्हणते ते.

विकायची आहे का?

नाही. खरी घ्यायची तर कोट्यवधी रुपये लागतात.

खरी कुठे बघायला मिळेल?

फ्रान्समधल्या म्युलूझ इथल्या मोटारींच्या संग्रहालयात बुगाटींचा फार मोठा संग्रह आहे.

आम्हालाही असं काही बनवायचंय. कुठून सुरू करू?

भिंतीपासून. पूर्ण मापाचं बाजूचं चित्र खडूनं भिंतीवर काढा आणि महिनाभर येता-जाता बघा. आमची शेपटी भिंतीवर चार वेळा पुसली. मग लाकडाच्या फासळ्या, मग पत्रा. शेपटीचा पत्रा वाळूनं भरलेल्या पोत्यावर लाकडी हातोड्यानं ठोकायचा, मधून कडेकडे, हलक्या हातानं. एका जागी जास्त ठोकलं की पत्रा ताणून लहरी मारतो आणि ती लहर मग कशानंच जात नाही. ओतकाम करायचं असेल तर साच्याचे सगळे आतले कोपरे आधीच गोल करा.

बघायला कधी येऊ?

पेरणीच्या आणि सोंगणीच्या दिवसांत शेड ट्रॅक्टरांनी भरलेली असते, तेव्हा गाडीपर्यंत पोचता येत नाही. एरवी दुपारी चारनंतर या. पश्चिमेच्या दारातून ऊन आत येतं आणि बॉनेटच्या फटींवरून सरकत जातं. बाबा तेव्हा बहुतेक तिथेच असतात, नव्या छकड्याचं जू तासत. लहान पोरांना डाव्या सीटवर बसू देतो, चपला बाहेर काढून.